बटणांच्या डब्यातली औषधं

औषधाच्या दुकानात काउंटरवर कोपर टेकून माणूस जे पहिलं वाक्य बोलतो, ते बहुधा खोटं असतं. "डॉक्टरांनीच सांगितलंय" हे ते वाक्य. डॉक्टरांनी ते कधीकाळी सांगितलेलं असतं खरं, पण सांगितलेलं असतं त्याच्या मेहुण्याला, आणि तेही दुसऱ्याच दुखण्यासाठी.

मी फार्मासिस्ट आहे. गिऱ्हाइकांच्या भाषेत मेडिकलवाल्या ताई. पांढरा कोट घालून उभी राहते आणि लोकांना त्यांच्याच औषधांपासून वाचवते.

"ताई, त्या अँटिबायोटिकच्या तीनच द्या. बरं वाटलं की मी थांबवतोच."

"मग तीन तरी कशाला? पाकिटाचा फोटो काढून न्या, बघूनच बरं वाटेल. पूर्ण घ्यायचं नसेल तर सुरूच करू नका."

तो हसतो, तीनच मागतो, मी देत नाही, तो दुसऱ्या दुकानात जातो आणि तोच घसा घेऊन पुन्हा माझ्याकडे येतो. एक आजोबा सर्दीची गोळी, तापाची गोळी आणि अंगदुखीची गोळी अशा तीन रंगांच्या तीन पट्ट्या मागतात. मी त्यांना दाखवते की तिन्हींत औषध एकच आहे. "एकाच पाहुण्याला तीन दारांतून घरात घेताय, आणि लिव्हरला सांगताय, तिघांचा पाहुणचार कर." आजोबांना पटतं. मग खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन एक बाई येतात, एक एक चमचा देऊनही मुलाला गुण नाही म्हणतात.

"चमचा कुठला?"

"चमचा. चमच्यासारखा चमचा."

"साखरेचा की वाढायचा?"

"जो धुतलेला असेल तो."

मी त्यांना बाटलीवरचं छोटं मापाचं झाकण काढून दाखवते, त्यावरच्या रेघा दाखवते. त्या ते झाकण इतक्या कौतुकाने बघतात, जणू मी आत्ता मागच्या खोलीत जाऊन बनवून आणलंय.

सांगायचा मुद्दा, दुकानात माझ्या शब्दाला वजन आहे. पण पिकतं तिथे विकत नाही. घरी औषधांचं खातं सासूबाईंकडे होतं, आणि त्या खात्यात मला शिपायाचीसुद्धा जागा नव्हती.

सासूबाई शिवणकाम करायच्या. आमच्या भागात त्यांना सगळे टेलरबाई म्हणतात. त्यांची नजर अशी, की भिंतीपलीकडून माणूस खोकला तर त्याच्या छातीचं माप सांगतील. एखाद्याच्या कोटाचं बटण हरवलं, तर तो उरलेल्यांपैकी एक हातात घेऊन यायचा. सासूबाई ते न घेता, लांबूनच बघून, आपल्या डब्यातून त्याची जुळी बहीण काढून द्यायच्या. तो डबा म्हणजे त्यांची गादी. पत्र्याचा, झाकणाचा, आत खूप कप्पे. पांढरी एका कप्प्यात, पिवळट दुसऱ्यात, काळी, तपकिरी, आणि प्रत्येक कप्प्यात मोठी खाली, लहान वर.

मान दुखायला लागल्यावर त्यांनी बाहेरचं काम बंद केलं. डबा रिकामा झाला. आणि रिकामी गादी फार दिवस रिकामी राहत नाही. त्यात घरातली औषधं आली.

औषधं आली ती पट्ट्यांतून सोलून. पट्ट्यांचे कोपरे बोटांना लागतात, कप्प्यात मावत नाहीत, आणि अर्धी वापरलेली पट्टी बघितली की सासूबाईंना उसवलेली शिवण बघितल्यासारखं होतं. म्हणून नवं औषध घरात आलं की त्या खुर्चीवर बसून अंगठ्याने एकेक गोळी बाहेर काढायच्या, चकचकीत कागद चुरगळून टाकायच्या आणि गोळ्या कप्प्यांत लावायच्या. रंगाप्रमाणे. आकाराप्रमाणे. मोठी खाली, लहान वर.

"आई, पट्टीवर औषधाचं नाव असतं. मुदत असते."

"बटणाचं नाव विचारलंय मला कधी कोणी? बघितलं की कळतं."

"गोळ्या हवेत राहिल्या की खराब होतात."

"आपल्या घरात हवा चांगली आहे."

एकदा त्यांनी सासऱ्यांची एक गोळी शिवणाच्या कात्रीने मधोमध कापली. मी सांगितलं, ही कापायची नसते, पोटात हळूहळू सुटावी म्हणून तिला वरून थर दिलेला असतो. त्यांनी दोन्ही अर्धुकं उजेडात धरून बघितली.

"आत तोच माल आहे ना? अस्तर काढलं म्हणून कोटाचा कोटपणा जात नाही."

"जातो, आई. पहिल्याच थंडीत कळतं."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. चांगलं उत्तर दिलं की त्या मोकळेपणाने हसतात, आणि मग आपलंच खरं करतात.

नणंद माहेरी आली आणि तिच्या छातीत जळजळायला लागलं, तर तिला गुलाबी गोळी मिळाली. तिने गुलाबी कपडे घातले होते म्हणून, असं मी म्हणत नाही. पण सासूबाईंनी गोळी तिच्या बाहीजवळ नेऊन बघितली होती हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझा नवरा या सगळ्यात कुठे होता? तो दोन बायकांच्या घरात वाढलेला आणि दोन बायकांच्या घरातच राहणारा माणूस. तो दारात चपला काढतो त्याच जागी मतंही काढून ठेवतो.

"आम्ही तिच्याच हातच्या गोळ्या खाऊन मोठे झालो," तो म्हणाला.

"त्या खाऊनसुद्धा मोठे झालात," मी म्हणाले.

मला या डब्याचं हसू येत होतं तोवर ठीक होतं. मग माझी लेक चालायला लागली.

तिला सासूबाईंनी नाव ठेवलं गुंडी. जन्मली तेव्हा इतकीशी, गोल, आणि पाळण्याला घट्ट लावल्यासारखी. आता ती घरभर फिरायची आणि जे दिसेल त्याची चव बघायची. चपलेचा पट्टा, खुर्चीचा पाय, माझा कान. माझ्या कानाची चव तिला विशेष आवडायची. झोप आली की ती तो तोंडात धरून बसायची आणि मी हलायची नाही, भांडी तशीच पडू द्यायची. आजीचा तिच्यावर जीव. उरलेल्या कापडाच्या तुकड्यांतून तिचे झगे निघायचे, आणि कोटाची मोठाली बटणं जाड दोऱ्यात पक्की ओवून सासूबाईंनी तिला एक माळ केली होती. ती माळ खुळखुळवत गुंडी शिलाई मशीनच्या पायाशी बसायची. म्हणजे बटणं ही खेळायची वस्तू, हे तिला पक्कं कळलेलं. आणि बटणांचा डबा समोर टेबलावर.

मी तो कपाटावर ठेवायची. दुपारी दुकानातून परत यावं तर तो पुन्हा टेबलावर.

"तिथे माझा हात पोचत नाही," सासूबाई म्हणायच्या. "आणि तिला झाकण उघडता येत नाही."

"आज येत नाही."

तेव्हा मी अर्धा दिवस दुकानात जात होते. मालक चांगले आहेत, पण धर्मादाय नाहीत. ते म्हणाले, पुढच्या महिन्यापासून पूर्ण दिवस जमत असेल तर सांगा, नाहीतर मी दुसरी मुलगी बघतो. सासूबाई लगेच म्हणाल्या, जा की, गुंडीला मी बघते. मला जायचं होतं. तो कोट, ते काउंटर, ती खोटी पहिली वाक्यं, मला सगळं हवं होतं. फक्त गुंडीला त्या डब्याच्या शेजारी ठेवून जायचं नव्हतं. मालकांना मी "सांगते" म्हणाले आणि सांगितलं नाही.

मग एका सकाळी दुकानात फोन आला. सासूबाई.

"लवकर ये. ह्यांना घेरी आली. गुंडी त्यांच्याकडे होती."

वाक्यांचा क्रम असा होता. मी कोट अंगावर तसाच ठेवून निघाले. रस्त्यात कोणी तरी विचारलं, ताई, ते थेंब डोळ्यांत की कानांत घालायचे? मी थांबले नाही. ते त्याने कुठे घातले ते मला अजून माहीत नाही.

सासरे गच्चीवरून खाली येणाऱ्या जिन्यात बसले होते. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. कपडे वाळत घालून ते गुंडीला कडेवर घेऊन उतरत होते, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी कठडा धरला नाही. कठडा धरायला एक हात सोडावा लागला असता. ते दोन्ही हातांनी तिला धरून होते तिथेच खाली बसले. माणसाने आयुष्यभर बायकोचं ऐकलं की बस म्हटल्यावर बसायची सवय लागते, आणि ती कधी कधी जीव वाचवते. गुंडी त्यांच्या मांडीवर मजेत होती. तिला वाटलं, आज जिन्यातच खेळायचं ठरलंय.

मी तिला उचललं. डोकं, मान, पाठ, कोपरं, सगळ्यांवरून हात फिरवला. ती हसली. तिला गुदगुल्या झाल्या.

"बाबा, सकाळपासून काय काय घेतलंत?"

"हिने दिलं ते."

हे उत्तर त्यांनी लग्नापासून प्रत्येक प्रश्नाला दिलेलं आहे.

"आई, काय दिलं?"

"सकाळची बी.पी.ची दिली. मग मान दुखते म्हणाले, म्हणून दुखण्याची दिली."

"कोणती?"

"पांढरी."

आम्ही त्यांना हळूहळू खाली आणून आडवं केलं. पायांखाली उशा दिल्या. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, त्यांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला, आकडा बघितला आणि भुवया वर केल्या. "बराच खाली आलाय. काय घेतलं होतं?"

सासूबाई पुढे झाल्या. "मध्यम आकाराची. कडेला उतार. मधोमध रेघ."

"नाव काय?"

"नाव वेगळं असं काही नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगावर पांढरा कोट होता आणि खिशावर दुकानाचं नाव होतं. "तुम्ही मेडिकलमध्ये आहात ना?"

उत्तर दिलं ते सासूबाईंनी. "तिला काय विचारता," त्या म्हणाल्या. "ती बिचारी दिवसभर दुकानात असते. घरातलं तिला काय कळणार."

मी डबा आणला, पांढऱ्या कप्प्यातल्या गोळ्या वरच्या थरापासून ताटलीत काढल्या आणि खिडकीपाशी बसून निवडायला लागले. बी.पी.च्या गोळीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, दुखण्याच्या गोळीवर नसतात. एवढा एक फरक सोडला तर दोन्ही जुळ्या. कोरीव अक्षरं बोटाला लागतात, डोळ्याला दिसतातच असं नाही. वरच्या थरात, जिथे सासूबाईंचा हात सवयीने जातो, तिथे सगळ्या अक्षरांच्या होत्या. म्हणजे मान दुखते म्हणून बी.पी.चीच दुसरी गोळी गेली होती. त्याच कप्प्यात माझ्या बाळंतपणातल्या लोहाच्या गोळीचा पांढरा पडलेला एक तुकडा निघाला, आणि एक खरं बटण.

"हे कुठे गेलं होतं," सासूबाई म्हणाल्या आणि बटण उचलून घेतलं.

दुपारपर्यंत डॉक्टर दोनदा येऊन गेले. बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला, त्यांना भूक लागली आणि मग मानही पुन्हा दुखायला लागली, पण ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही. मला सांगितलं, कुजबुजत. मी पट्टीतून गोळी काढून दिली, नाव वाचून दाखवलं. त्यांनी ते प्रार्थनेसारखं ऐकलं.

गुंडी झोपल्यावर मी मशीनपाशी गेले. सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या.

"मी मालकांना नाही म्हणून कळवते," मी म्हणाले.

"का? मी आहे ना?"

माझी नजर डब्यावर गेली.

"भरवसा नाही माझ्यावर?"

"नाही."

दोरा सुईच्या भोकाशीच थांबला. असं उत्तर या घरात कोणी त्यांना दिलेलं नव्हतं, आणि मीही ते ठरवून आणलेलं नव्हतं.

"गुंडीला तुला न विचारता मी कधी काही दिलंय?"

"बाबांनाही तुम्ही काही वाईट म्हणून दिलं नव्हतं."

त्यांनी दोरा पुन्हा सुईला लावला, तो बाजूने गेला. मग म्हणाल्या, "चष्मा बदलायला झालाय."

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी त्या चष्मा करायला गेल्या. नवीन चष्मा आला. तो लावून त्या मशीनपाशी बसल्या, डबा समोर ओढला आणि पांढरा कप्पा नव्याने लावायला घेतला. अक्षरांच्या एका बाजूला, बिनअक्षरांच्या दुसऱ्या बाजूला. चेहऱ्यावर असं समाधान, की प्रश्न सुटला. मी दारात उभी होते, कडेवर गुंडी, आणि माझं डोकं फुटायची वेळ आली होती. मी वाद घालायचं सोडून दिलं. मशीनपाशी जाऊन नुसतं विचारलं.

"आई, तुमच्याकडे दोन गिऱ्हाइकं एकाच ठाणातलं कापड घेऊन आली, तर काय करायचात?"

"चिठ्ठी टोचायची. नाव आणि माप."

"तुम्हाला तर बघून कळायचं."

"कळायचं की."

"मग चिठ्ठी कशाला?"

त्या हसल्या. चांगला प्रश्न विचारला की हसतात तशा. "एकदा दोघी जावा आल्या होत्या. एक काठीसारखी, एक पिंपासारखी. कापड सारखंच. मी म्हटलं, मला काय चिठ्ठीची गरज. पिंपाच्या कापडाला काठीच्या मापाने कात्री लावली." त्या आठवणीने त्यांनी मान हलवली. "मग मारे चिठ्ठ्या टोचत बसले. पण कापल्यावर चिठ्ठीचा काय उपयो..."

शब्द तिथेच राहिला. त्यांच्या चिमटीत एक गोळी होती. त्यांनी ती उलटीसुलटी केली, नवा चष्मा नाकावर खाली ओढून बघितली, वर ढकलून बघितली. मग कपाळाला आठी घालून ती ताटलीत टाकली. गुंडीने हात पुढे केला, खुळखुळायची वस्तू दिसली म्हणून. सासूबाईंनी ताटली इतक्या झटकन उचलली की चार गोळ्या जमिनीवर गेल्या, आणि आम्ही दोघी एकदमच गुडघ्यांवर आलो.

शेवटची गोळी मशीनच्या पायडलखाली सापडली.

"या सगळ्यांचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"द्या माझ्याकडे. दुकानात घेतात, नीट नष्ट करायला पाठवतात. कचऱ्यात नाही टाकायच्या, मोरीत तर नाहीच."

"चांगला माल आहे."

"बिननावाचा माल आहे."

त्यांनी डबा माझ्या हातात दिला. मग परत घेतला, खरं बटण राहिलंय का बघितलं, आणि पुन्हा दिला.

त्या कबूल झाल्या असं कोणाला वाटत असेल, तर ते त्यांना ओळखत नाहीत. दुसऱ्या दिवशी दिवसभर मशीन चालत होतं. संध्याकाळी कपाटाच्या आतल्या बाजूला जाड कापडाचं एक लांब लटकण लागलं होतं, कप्प्याकप्प्यांचं. प्रत्येक कप्प्यावर दोऱ्याने नाव भरलेलं: बाबा, मी, मुलगा, सून, गुंडी. आत अखंड पट्ट्या, खोक्यांसकट, आतल्या घडी केलेल्या कागदासकट. पट्टी अर्धी झाली तरी नाव आणि मुदत राहील अशा बाजूने गोळ्या काढायच्या, हे मी एकदा सांगितलं. ते त्यांनी मला परत तीनदा सांगितलं. खिडकीतल्या उन्हात तापणाऱ्या बाटल्या आत गेल्या. कपाटाला कुलूप लागलं आणि त्याची किल्ली सासूबाईंच्या गळ्यातल्या मोजपट्टीला.

आणि मग सुरू झाला प्रचार.

"गोळी पट्टीतून काढून ठेवायची नसते," शेजारच्या काकूंना त्या कुंपणावरून सांगत होत्या. "मी पहिल्यापासून सांगते."

सासरे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर जरा वर धरला.

"एकाची गोळी दुसऱ्याला द्यायची नाही. एकाचा सदरा दुसऱ्याला बसतो का? रंग सारखा म्हणून?"

आठवड्याभरात माझ्या काउंटरवर नवीन पहिलं वाक्य ऐकू यायला लागलं. "टेलरबाई म्हणाल्या." टेलरबाई म्हणाल्या, मुदत बघून घ्या. टेलरबाई म्हणाल्या, सर्दीची गोळी घेऊन गाडी चालवायची नाही, झोप येते. जी गोष्ट मी गळा सुकेपर्यंत सांगत होते, ती आता माणसं मला समजावून सांगत होती, आणि मला समजली की नाही ते बघत होती. तीन गोळ्यांवाला तो माणूससुद्धा आला आणि पूर्ण पाकीट घेऊन गेला. "टेलरबाईंनी झापलं," तो म्हणाला. "तुम्ही कधी असं समजावून सांगितलं नाहीत." हे मी पाण्याशिवाय गिळलं. कडू होतं, पण उतरलं.

मालकांना मी होकार दिला. नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, बघ, मी म्हणत होतो ना, सगळं होईल. तो काय म्हणत होता ते आम्हा दोघींपैकी कोणालाच आठवलं नाही.

पहिल्या पूर्ण दिवशी निघताना गुंडी दारात उभी राहून माझ्या कोटाची गुंडी ओढत होती. सोडेना. सासूबाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली, तिला वर घेतलं आणि मला म्हणाल्या, "जा. मागे बघत बसू नकोस, तिला रडायला निमित्त मिळतं." मी कोपऱ्यापर्यंत मागे बघितलं नाही. कोपऱ्यावर बघितलं.

दुपारी दुकानात रांग होती आणि फोन वाजला. त्यांचाच. माझ्या हातातली पट्टी काउंटरवर पडली.

"गुंडीचं अंग कोमट लागतंय," त्या म्हणाल्या. "घाबरू नकोस. बाटली हातात आहे. वाचते, ऐक."

आणि त्यांनी वाचलं. नाव, किती मिलीला किती औषध, मुदत, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा, सगळं, खालच्या बारीक अक्षरांसकट, नव्या चष्म्यातून, शाळेत धडा वाचावा तसं.

"आई, आधी ताप मोजा."

"मोजला." त्यांनी आकडा सांगितला. ताप नव्हता.

"मग औषध नको. जरा पाणी पाजा, अंगावरचं एक कापड कमी करा. तासाभराने पुन्हा मोजा. चढला तर मला फोन करा, तिच्या वजनावरून किती द्यायचं ते मी सांगते."

"वजन मला माहीत आहे. तिचं माप मी विसरेन का?" त्या जरा थांबल्या. मागे बटणांची माळ खुळखुळत होती, आणि गुंडी कोणाला तरी तिच्या भाषेत ओरडत होती. "औषध नाही द्यायचं हे मला ठाऊकच होतं. तुला नुसतं कळवलं."

"बरं केलंत."

"आणि हे बघ, तू संध्याकाळी आलीस की तिला लगेच उचलायला धावशील. आधी हात धू. दिवसभर त्या आजारी लोकांच्या नोटा हाताळतेस."

फोन ठेवला. रांगेत पुढे त्या चमच्याच्या बाई होत्या. त्यांनी सगळं कान देऊन ऐकलं होतं.

"टेलरबाई का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"त्या बरोबरच सांगतात."

"हो," मी म्हणाले आणि पडलेली पट्टी उचलली. "मी सांगितलेल्या झाकणाने औषध देता ना आता?"

"देते की." त्या जरा घुटमळल्या. "ते झाकण हरवलं. म्हणून चमचा घेतला. पण धुऊन."